चार नंबरचा कर्नल

माझ्या मामेसासऱ्यांइतका नव्या वस्तूंचा शौकीन आणि त्याच वेळी नव्या वस्तूंवर इतका कमी विश्वास ठेवणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा सापडणार नाही. जळगावात कुठलीही नवी वस्तू आली की ती पहिल्या दहा घरांत जाते, त्यांतलं एक घर मामांचं असतं. पण नवी वस्तू आली म्हणून जुनी गेली, असं त्या घरात कधी झालेलं नाही. नवी वस्तू कामाला लागते आणि जुनी तिच्या मागे हजर उभी राहते. मुलीनं त्यांना वाढदिवसाला नवं घड्याळ दिलं, तेव्हा त्यांनी ते आनंदानं डाव्या मनगटावर बांधलं आणि जुनं उजव्या मनगटावर सरकवलं. वर्षभर दोन्ही हातांत घड्याळं घालून हा माणूस बाजारात, लग्नात, स्मशानात सगळीकडे हिंडला. कुणी वेळ विचारली की आधी डावीकडे पाहायचे, मग उजवीकडे पाहून खात्री करायचे आणि मगच सांगायचे. तेवढ्यात विचारणाऱ्याची गाडी निघून जायची. नव्या डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी ते आजही जुन्या डॉक्टरांना दाखवून येतात. दोन्ही दवाखाने एकाच गल्लीत समोरासमोर आहेत आणि मामा एका दारातून निघून दुसऱ्यात शिरताना दोन्ही डॉक्टरांना दिसतात. दोघांनीही आता त्यांच्यापुढे हात टेकले आहेत.

त्यांच्या मुलीच्या लग्नात तर या स्वभावानं कमालच केली. नेहमीच्या म्हाताऱ्या आचाऱ्याऐवजी या वेळी नवा, तरुण आचारी ठरवायचा असं घरात ठरलं. मामांनी स्वतः चार ठिकाणी जेवून पाहून तो पसंत केला. मग आदल्या दिवशी मनात काही आलं असावं, ते जुन्या आचाऱ्याकडे जाऊन म्हणाले, "तुम्ही फक्त येऊन बसा. काही करायचं नाही. तो चुकला तरच उठायचं." आता आचारी माणूस दुसऱ्याची चूल पेटलेली पाहत किती वेळ बसेल? सकाळी नऊ वाजता त्यांनी नव्याच्या शेवभाजीच्या रश्श्यात बोट बुडवून पाहिलं, साडेनऊला स्वतःचं पातेलं मांडलं, आणि बाराच्या पंगतीला पाहुण्यांच्या ताटात दोन प्रकारची शेवभाजी आणि दोन प्रकारचं भरीत पडलं. आमच्या धुळ्याच्या मंडळींना वाटलं, जळगावकडे हीच रीत असावी. दोन्ही आचारी मांडवाच्या दोन टोकांना उभे राहून कुणाची वाटी आधी रिकामी होते ते पाहत होते. मामा मात्र निवांत होते. "नवा चांगलाच होता," ते मला म्हणाले. "पण त्याची परीक्षा अजून झालेली नव्हती ना."

मामा पूर्वी एका प्रशिक्षण केंद्रात वायरमनच्या वर्गाला शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांना संगणकाची गोडी लागली आणि तिला जबाबदार मी. मी धुळ्याला एका कॉलेजात संगणक शिकवतो. त्यांच्या जुन्या संगणकाचा वेग फार मंदावला होता, म्हणून मी आमच्या कॉलेजातल्या सीडीच्या तबकडीवरून त्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घालून दिली. लिनक्स फुकट असतं आणि त्याचं पोट उघडून पाहता येतं, हे कळल्यावर मामांना अगदी घबाड मिळाल्यासारखं झालं. आयुष्यभर स्विचबोर्ड उघडून पाहिलेला माणूस तो.

आता इथे वाचकांना एक गोष्ट सांगणं भाग आहे. लिनक्सच्या अगदी गाभ्यात एक मुख्य कार्यक्रम बसलेला असतो. कळफलक, पडदा, छपाईयंत्र अशा सगळ्या अवयवांना तोच कामाला लावतो. त्याला कर्नल म्हणतात. दर काही आठवड्यांनी सुधारणा होऊन नवा कर्नल येतो आणि जुना तसाच मागे राहतो. हेतू एवढाच, की नव्यानं काही घोटाळा केला, तर संगणक सुरू करताना यादीतून जुना निवडून काम भागवता यावं. शहाणी माणसं एक नवा, एक जुना असे दोन ठेवतात आणि बाकीचे काढतात, कारण त्यांना राहायला दिलेला कप्पा अगदी लहान असतो. म्हणजे मामा ज्या तत्त्वावर साठ वर्षं जगले, तेच तत्त्व परदेशातल्या कुणा हुशार लोकांनी यंत्रात घालून ठेवलं होतं. हे समजलं त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम फोन केला. "जवाईबापू, ह्या लोकांना कळतं," एवढं बोलून ठेवून दिला.

मात्र दोनवर थांबणं मामांना मंजूर नव्हतं. आलेला एकही कर्नल त्यांनी जाऊ दिला नाही. यंत्र आपणहून जुने काढायला लागलं, तेव्हा त्यांनी पुस्तकं वाचून प्रत्येकावर 'हात लावू नये' अशी खूण करायची युक्ती शिकून घेतली. त्यांच्याकडे एक लांब वही होती. तीत प्रत्येक कर्नलाचा अनुक्रमांक, त्याचा खरा लांबलचक आकडा, आल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात 'स्वभाव' असं लिहिलेलं असे. 'आवाज बंद केला, दोन दिवसांनी आपणहून सुरू.' 'झोपल्यावर उठत नाही.' 'चांगला, पण गरम होतो.' प्रशिक्षण केंद्रात मुलांच्या हजेरीपुस्तकात ते असेच शेरे मारत, असं त्यांचा एक जुना विद्यार्थी मला एकदा सांगत होता.

मामींचं माहेर साक्रीकडचं. इतकी वर्षं जळगावात राहूनही त्यांच्या बोलण्यातली अहिराणी गेलेली नाही. सकाळी मामांना भेटायला कुणी आलं की त्या दारातूनच सांगायच्या, "त्या कर्नलससंगे बठेल शेतस." म्हणजे ते कर्नलांबरोबर बसलेत. शेजारी वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ नव्यानं राहायला आले होते. लष्करी अधिकाऱ्यांपुढे उभं राहायची त्यांना जन्माची सवय. त्यांनी आठ दिवस हे ऐकलं आणि नवव्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून ते मामांकडे आले. "आपल्याकडे कर्नलसाहेब उतरले आहेत असं कळलं," ते अदबीनं म्हणाले. मामांनी सरळपणानं सांगितलं, "एक नाही, अकरा आहेत. बसा, दाखवतो." ते गृहस्थ त्या दिवशी दोन तास बसले. नंतर तेही लिनक्स शिकले, पण शेवटपर्यंत कर्नलाचा उल्लेख 'साहेब' असाच करत राहिले.

मी मामांना या बाबतीत पुष्कळ उपदेश केला. मास्तर माणूस, शिकवल्याशिवाय राहवत नाही. फोनवर मी त्यांना सांगायचो, की कप्पा भरत आलाय, उद्या नवी सुधारणा घ्यायला जागा उरणार नाही. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं. पण कोणाला जा म्हणू?" मग मी चिडायचो आणि ते मला वांगी कशी निघालीत ते सांगायचे.

आता मामांच्या दुसऱ्या उद्योगाबद्दल सांगतो. पारोळ्याला अंध मुलींची एक लहानशी शाळा आहे. तिथली वायरिंग दुरुस्त करायला मामा एकदा गेले, तेव्हा त्यांना व्हरांड्यात एक मोठं खोकं दिसलं. गावातल्या एका मारवाडी व्यापाऱ्यानं परदेशातून जुनं घेऊन शाळेला दिलेलं ते ब्रेलचं छपाईयंत्र होतं. ते कुणालाच सुरू करता आलं नव्हतं. शाळेतल्या अक्का, म्हणजे तिथल्या सगळ्यांत ज्येष्ठ शिक्षिका, स्वतः जन्मापासून अंध. त्या मामांना म्हणाल्या, "आम्ही त्यावर पाण्याचा माठ ठेवतो. उंची बरोबर येते." मामांना ते सहन झालं नाही. त्यांनी माठ खाली उतरवला आणि यंत्र टेम्पोत घालून जळगावला आणलं. दोन महिने खटपट केली, कुठकुठल्या परदेशी माणसांना पत्रं लिहिली आणि ते चालू केलं. चालू झालं की त्यातून लाह्या फुटाव्यात तसा आवाज यायचा आणि जाड कागदावर उंचवट्यांची अक्षरं उमटून बाहेर पडायची. शाळेत ते सांभाळणारं कुणी नव्हतं, म्हणून यंत्र मामांच्या पुढच्या खोलीतच राहिलं.

तिथून छापलेले गठ्ठे पारोळ्याला जायचे ते एसटीनं. ब्रेलच्या कागदावर वजन पडलं की अक्षरं दबतात आणि वाचता येत नाहीत. म्हणून मामा स्वतः स्थानकावर जाऊन गठ्ठा कंडक्टरच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, "ह्याच्यावर काही ठेवू नका आणि ह्याला उभा करू नका." पहिल्या पहिल्यांदा कंडक्टर वैतागत. पुढे सगळ्यांना सवय झाली. मी एकदा धुळ्याच्या गाडीत चढलो, तर खिडकीजवळच्या जागेवर एक गठ्ठा पसरून बसला होता आणि एक धडधाकट माणूस त्याच्याशेजारी उभा होता. कंडक्टर त्याला समजावत होता, "भाऊ, पारोळ्याला तो उतरला की तुम्ही बसा."

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी शाळेच्या वसतिगृहात राहणारी एक मुलगी बारावीला होती. शाळेतून इतक्या पुढे गेलेली ती पहिलीच. कॉलेज ती गावातल्याच मुलामुलींबरोबर करत होती, पण पुस्तकं तिला हाताखाली लागत. कानानं ऐकलेलं मला राहत नाही, बोटांनी वाचलेलं राहतं, असं ती म्हणायची. ब्रेलमधली पुस्तकं वेळेवर मिळेनात, म्हणून दिवाळीपासून मामा एकेक विषय घरी छापून पाठवत होते. संक्रांत आली तेव्हा फक्त राज्यशास्त्राचे तीन धडे उरले होते आणि परीक्षेला महिनाभर होता.

हे सगळं मला माहीत होतं. मामांकडे ते यंत्र चालतं, एवढंही माहीत होतं. ते कसं चालतं, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. संगणकाच्या मास्तरानं हे विचारू नये, याची मला आजही लाज वाटते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी आणि बायको जळगावला गेलो. मामा भरताची वांगी आणायला बाजारात गेले होते. वांगी ते स्वतः निवडतात आणि त्याला दीड तास लागतो. मी सहज त्यांचा संगणक सुरू केला, तर पडद्यावर सूचना आली की सुधारणा घेता येत नाही, कप्प्यात जागा शिल्लक नाही. मी पाहिलं, आत तेरा कर्नल खच्चून भरले होते. माझ्यातला मास्तर जागा झाला. मनात आलं, एकदा करूनच टाकू, मामांनाही बरं वाटेल. त्यांनी करून ठेवलेल्या खुणा मी एकेक काढल्या, शेवटचे दोन ठेवले आणि बाकीचे अकरा एका दमात काढून टाकले. नवी सुधारणा घेतली. सगळं कसं लख्ख झालं. बायकोला बोलावून दाखवलंही. ती म्हणाली, "मामांना विचारलंत का?" मी म्हणालो, "विचारलं असतं तर झालं असतं का?"

मामा आले. हातात वांग्यांची पिशवी होती. मी मोठ्या उत्साहानं त्यांना बातमी दिली.

"किती ठेवले?" त्यांनी विचारलं.

"दोन. शेवटचे."

"चार नंबरचा?"

"तो तर फारच जुना होता, मामा. गेला."

त्यांनी पिशवी हळूच खाली ठेवली. क्षणभर पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं केलं. जागा झाली असेल." आणि वांगी भाजायला मागच्या अंगणात निघून गेले. कपाशीच्या काड्यांवर त्यांनी ती नेहमीसारखीच निगुतीनं भाजली, भरीत घोटलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर मला आग्रह करकरून वाढलं. जेवताना शेजारच्या गृहस्थांची एक गंमतही सांगितली. मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी दोनदा भरीत मागून घेतलं.

निघताना मामी दारापर्यंत आल्या. मी चपला घालत होतो. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "जवाईबापू, तुम्ही बठ्ठा काढी टाकात का?"

"हो, मामी. सगळे, दोन सोडून."

"चार नंबरवर त्या पोरगीनं पुस्तक निघे," मामी म्हणाल्या.

एका पायातली चप्पल तशीच ठेवून मी आत गेलो आणि मामांची वही उघडली. चार नंबरच्या पुढे 'स्वभाव' या रकान्यात लिहिलं होतं, 'शांत. ब्रेलचे मशीन फक्त याच्यावर चालते.' यंत्र आणि संगणक यांच्यामध्ये बोलणारा एक दुभाष्या कार्यक्रम लागतो. तो परदेशातल्या कुणा भल्या माणसानं मामांसाठी तयार करून दिला होता आणि तो चार नंबरच्या कर्नलाशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलत नव्हता. म्हणून छपाईच्या दिवशी मामा संगणक बंद करून पुन्हा सुरू करत आणि यादीतून चार नंबरचा निवडत. हे ते दिवाळीपासून करत होते.

मामा माझ्या मागे येऊन उभे होते. "मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "मीच एक चिठ्ठी लावून ठेवायला पाहिजे होती." त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर फार बरं झालं असतं.

मी संगणकाचं खोकं गाडीत घालून धुळ्याला आणलं. कॉलेज सुटलं की रोज संध्याकाळी प्रयोगशाळेत त्याच्यापुढे बसायचो. तो दुभाष्या नव्या कर्नलासाठी पुन्हा घडवता येईल, असा माझा समज होता. विद्यार्थ्यांना मी हे शिकवतो. पण सहा दिवस मी जे जे केलं त्याला यंत्रानं चुकांच्या लांबच लांब याद्या देऊन उत्तर दिलं. ज्यानं तो लिहिला त्या माणसाला पत्र पाठवलं, त्याचा पत्ताच बंद झालेला होता. मग कळलं की चार नंबरचा नेमका तोच कर्नल पुन्हा मिळाला तर प्रश्न सुटेल, कारण मामांनी स्वतःच्या हातानं ठेवलेली दुभाष्याची फाईल अजून जागेवर होती. मी कर्नल काढला तेव्हा यंत्रानं ही परक्याची वस्तू आहे असं समजून तिला हात लावला नव्हता. यंत्रानं माझ्यापेक्षा जास्त विचार केला होता. पण इतका जुना कर्नल नेहमीच्या भांडारातून कधीच काढून टाकला गेला होता. जिथे जिथे शोधला तिथे त्याच्या पुढचे किंवा मागचे मिळत होते.

इकडे मामा काही माझी वाट पाहत बसले नव्हते. सोमवारी सकाळीच डबा घेऊन ते पारोळ्याच्या गाडीत बसले आणि अक्कांना जाऊन म्हणाले, "यंत्र रजेवर आहे. हातानं होईल का?" अक्कांनी ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली. शाळेतल्या आणखी दोघी शिक्षिका आल्या. मामांनी मोठ्यानं धडा वाचायचा आणि तिघींनी टोचत जायचं, असं सुरू झालं. पण दुपारी घसा बसल्यावर नुसतं बसून राहणं मामांना जमणारं नव्हतं. "मलाही शिकवा," ते म्हणाले. त्यांचं वय तेव्हा बहात्तर.

अक्का सांगत होत्या, "मामा, कागदाच्या मागून टोचायचं असतं. म्हणून उजवीकडून डावीकडे जायचं, आणि अक्षर आरशात दिसतं तसं काढायचं."

"म्हणजे न्हाव्याच्या दुकानात बसून पाटी वाचल्यासारखं," मामा म्हणाले.

"मी काही न्हाव्याचा आरसा पाहिलेला नाही," अक्का म्हणाल्या, "पण तसंच असेल."

हे संभाषण मामांनी नंतर मला जसंच्या तसं सांगितलं आणि आपण काय बोलून गेलो या विचारानं पुन्हा एकदा ओशाळले. अक्का मात्र तेव्हा पोटभर हसल्या होत्या म्हणे.

रोज सकाळी जळगाव ते पारोळा आणि संध्याकाळी परत, असे ते नऊ दिवस गेले. आधी दिवसभरात एक पान व्हायचं, मग दोन, मग चार. त्यांतली निम्मी अक्का बोट फिरवून परत करायच्या. उजव्या हाताच्या अंगठ्याला घट्टा पडला. मामी फोनवर मला सांगायच्या, जेवताना घास भरवायचं तेवढं बाकी आहे. मामा स्वतः फोनवर आले की एकच प्रश्न विचारायचे, "तुमची तब्येत बरी आहे ना?" माझं काम कुठवर आलं, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

दहाव्या दिवशी कॉलेजच्या कोठीत मी दुसरंच काहीतरी शोधायला गेलो. तिथे भंगारात काढायच्या संगणकांची एक रांग धूळ खात पडली होती. मामांच्या संगणकावर ज्या तबकडीवरून लिनक्स घातलं, त्याच तबकडीवरून हेही भरले होते. त्यांची साफसफाई करायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी कधीच केलं नव्हतं. एकेक सुरू करून पाहत गेलो. सहाव्याच्या पोटात, सुधारणांच्या जुन्या पुड्यांमध्ये, तो आकडा दिसला. मी मामांच्या वहीतून उतरवून घेतलेल्या आकड्याशी तीन वेळा ताडून पाहिला. तोच होता. माझ्या उपदेशाप्रमाणे मी स्वतः वागलो असतो, तर तो तिथे नसता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून संगणक घेऊन जळगावला गेलो. कर्नल पुन्हा बसवला, संगणक सुरू केला, यादीतून चार नंबरचा निवडला. ब्रेलच्या यंत्रानं एकदा घसा साफ केला आणि लाह्या फुटायला लागल्या. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. शेजारचे गृहस्थ आवाज ऐकून कुंपणाजवळ येऊन उभे राहिले आणि त्यांनी तिथूनच विचारलं, "साहेब आले का?" मामांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला नाही, नुसता अंगठा फिरवला. मग वही काढली आणि चार नंबरच्या ओळीत लिहिलं, 'पुन्हा हजर. रजा अकरा दिवस.' पुढे रजेचं कारण लिहायला थोडी जागा होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'घरगुती.'

तोवर दोन धडे हातानं पुरे झाले होते. तिसरा यंत्रावर छापून आम्ही दोघं पारोळ्याला घेऊन गेलो. ती मुलगी शाळेच्या ओट्यावर वाट पाहत होती. उंच, किडकिडीत, फार कमी बोलणारी. तिनं एकेक गठ्ठा मांडीवर घेऊन बोटं फिरवली.

"हे मशीनचं," ती म्हणाली. "हे अक्कांचं. आणि हे मामांचं."

"माझं कसं ओळखलं?" मामांनी विचारलं.

"तुमचा ज आणि ह सारखा उलटतो. इथे महाराष्ट्राचा मजाराष्ट्र झालाय."

आरशात पाहिलं की ब्रेलमधला ज म्हणजे ह होतो आणि ह म्हणजे ज, हे मला त्या दिवशी समजलं. मामा घाईघाईनं म्हणाले, "ती पानं दे. यंत्रावर पुन्हा छापून देतो. दोन दिवसांत." तिनं गठ्ठा जवळ ओढून घेतला. "राहू द्या," ती म्हणाली. "चूक कुठे आहे ते माहीत झालं की अडत नाही."

ती पास झाली. राज्यशास्त्रात तिला सगळ्यांत जास्त गुण पडले. मामांनी पेढे वाटले आणि मजाराष्ट्राचा किस्सा भेटेल त्याला स्वतःच सांगितला. मला वाटतं, या चुकीचा वाटला तितका अभिमान त्यांना आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटला नसेल.

जुलैमध्ये ती पुढे शिकायला पुण्याला निघाली. तिला पोचवायला अक्का आणि मामा पारोळ्याच्या स्थानकावर गेले होते. मामांनी जळगावहून एक मोठं लाकडी खोकं करून नेलं होतं, आत पुठ्ठ्याचे कप्पे होते, म्हणजे सगळे गठ्ठे न दबता जातील. ती म्हणाली, वसतिगृहात एवढी जागा नाही, आणि आता फोन वाचून दाखवतो, त्याची सवय करतेय. मामा खोक्याचं झाकण उघडून म्हणाले, "निदान आपण हातानं टोचलेलं तरी ने. ते लहान आहे."

"मामा," ती म्हणाली, "ते पाठ झालंय."

गाडी आली आणि ती गेली. मामा ही गोष्ट मला दर भेटीत सांगतात, आणि 'पाठ झालंय' इथपर्यंत आले की वांगी कशी निघालीत ते सांगायला लागतात.

शाळेला आता नवं यंत्र मिळालं आहे. ते कुठल्याही संगणकाला लावलं की चालतं, अक्का ते एकट्या चालवतात. मामांकडे पारोळ्याहून फारसे फोन येत नाहीत. ते लाकडी खोकं त्यांच्या पुढच्या खोलीत आहे. दुपारी जेवणं झाली की ते त्यातलं एखादं पान घेऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसतात, डोळे मिटतात आणि तर्जनी सावकाश ओळीवरून नेतात. येणाजाणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याचा डोळा लागलाय. मागच्या वेळी गेलो तेव्हा मलाही तसंच वाटलं आणि मी पाय न वाजवता आत जायला लागलो. मामी खुणेनं म्हणाल्या, थांबा, पान संपू द्या. मी शेजारच्या पायरीवर बसलो. बऱ्याच वेळानं मामांचं बोट एका ठिकाणी थांबलं, थोडं मागे गेलं, पुन्हा पुढे आलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. तसेच डोळे मिटून ते म्हणाले, "जवाईबापू, इथे एक ह बरोबर आलाय."